लागलं नाही

खांद्यावर कुणीतरी हात ठेवला तेव्हा ती स्क्रीनवर वाकलेली होती. जेवणाची सुट्टी संपून बायका आपापल्या टेबलाशी परतत होत्या. तिला वाटलं, मावशी असतील. मावशींना बोलायच्या आधी समोरच्याला हात लावायची सवय होती. ती न वळताच म्हणाली, "थांबा हं, झालंच." हात तसाच राहिला. ती किंचित मागे सरली, तसा तो जरा जडही झाला, एखाद्या दमलेल्या माणसाने आपल्यावर रेलावं तसा. तिला ते वाईट वाटलं नाही. असं कुणी अंगावर रेलून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. मग तिच्या लक्षात आलं की मागची बडबड थांबली आहे, स्क्रू फिरवणाऱ्या यंत्रांची घरघरही थांबली आहे. तिने मान वळवली. खांद्यावर रोबोचा हात होता. त्याच्या कोपराचा राखाडी सांधा तिच्या फऱ्याच्या हाडात रुतला होता आणि मनगटाजवळचा दिवा लाल झाला होता.

"मॅडम, लागलं का?" मावशींनी विचारलं. त्या चांगल्या दूर, आपल्या टेबलापाशी उभ्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "लागलं नाही."

आणि ते खरंच होतं. ती बाजूला झाली, दिवा हिरवा झाला, हात आपल्या कामाला लागला. समोरच्या पट्ट्यावरून पंख्याची मोटार उचलायची, बाईच्या छातीसमोर धरायची, ती वायरी जोडेल तशी वळवत राहायची. बायका पुन्हा बोलायला लागल्या, पण आधीपेक्षा हळू, आणि दोघीतिघी तिच्याकडे बघत होत्या. तिला ती नजर कौतुकाची वाटली. यंत्राने एवढं दाबलं तरी मॅडम हूं की चूं करत नाहीत. हे असलं कौतुक तिच्या ओळखीचं होतं. लहानपणापासून ती त्यावरच वाढली होती. स्क्रीनवर मात्र जावईबापूंचा खांदा अजून लाल होता, आणि तिने बोटाने तो पुसून टाकला. लागलं नाही हे ठीक. पण तो हात माणसाचा नाही, हे आपल्याला कसं कळलं नाही?

जावईबापू हे नाव बायकांनी ठेवलं होतं. माणसाचं शरीर रोबोला समजेल अशा रूपात मांडायचं हे तिचं काम होतं, आणि कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जागी तिने एक राखाडी आकृती उभी केली होती. डोक्याच्या जागी गोळा, मानेच्या जागी नळी, धड म्हणजे पिंप, दंड आणि मांड्या म्हणजे दोन्ही टोकांना गोल केलेले लोड. ना चेहरा, ना कपडे, आतून सगळं पोकळ. माणूस हलला की आकृती हलायची, आणि ती जवळ आली की रोबोचा हात सावकाश व्हायचा, अंग चोरायचा. त्याचा हा मान बघून कुणीतरी म्हणालं, हे तर घरचे जावईबापू, धक्का लागता कामा नये. मग दिवसभर न बसता राबणारा तो हात आपोआप सूनबाई झाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती मनापासून हसली होती. पण धक्का लागता कामा नये हे काही पूर्ण खरं नव्हतं. इतक्या जवळ उभं राहून काम करायचं तर लागणारच. म्हणून त्या गोळ्यांना आणि लोडांना तिने आकडे दिले होते. दंड इतका दाब सहन करतो, पाठ इतका, खांदा इतका. त्या आकड्याच्या आत असेल तर हाताने आपलं काम चालू ठेवायचं, पलीकडे गेला तर थांबायचं. दुखायच्या अलीकडे थांब, एवढंच तिने त्या यंत्राला शिकवलं होतं, आणि आयुष्यात आपण एक तरी शहाणपणाची गोष्ट केली असं तिला वाटत आलं होतं.

संध्याकाळी बसमध्ये उभं राहून घरी जाताना तिचं लक्ष अंगाला लागणाऱ्या अंगांवरच होतं. कुणाचं कोपर बरगडीत लागलं, कुणाची पिशवी दंडाला घासली. बरगडीतलं कोपर तिला टोचलं आणि ती चटकन सरकली. दंडाला घासणारी पिशवी नुसती होती, पावसात छत्रीवर पाणी पडतं तशी. पडतंय हे कळतं, आपण भिजत नाही. शेजारच्या बाईने पिशवी काढून घेतली आणि ओशाळून म्हणाली की कडीचा काटा बाहेर आला होता, लागला तर नाही ना. बाहीचा धागा निघाला होता आणि खाली लालसर ओरखडा उमटला होता. ती नाही म्हणाली. दिवसात दुसऱ्यांदा तेच उत्तर. शाळेत दंडावर लस टोचायला आले होते तेव्हा सगळ्या वर्गात एकटी ती रडली नव्हती. आईने ते घरोघर सांगितलं होतं. आमच्या धाकटीला काही लागत नाही, थोरली नुसतं बोट दाखवलं तरी भोकांड पसरते. नवरा वेगळा झाला तेव्हा त्यानेही दारात उभं राहून तेच म्हटलं होतं, तुला काही लागतच नाही. आईच्या तोंडी जे कौतुक होतं तेच त्याच्या तोंडी आरोप झालं होतं, आणि तिने दोन्ही सारख्याच चेहऱ्याने ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी ती कपड्यांना इस्त्री करत होती. तो गेल्यावर तिने इस्त्री उभी केली आणि मग तिला दिसलं की तिच्या बोटांची टोकं लाल झाली आहेत. दुःखात माणसाचं भान जातं, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. त्यातून तिला थोडा दिलासाही मिळाला होता. म्हणजे आपल्याला दुःख झालं तर.

घरी ताई होती. ताई तिच्याहून बरीच मोठी, आयुष्यभर शाळेत शिकवलेली आणि निवृत्त झाल्यावरही समोर वर्ग बसला आहे अशा आवाजात बोलणारी. मेव्हणे गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. तिने चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं म्हटलं की खांद्यावर काही वळ उठलाय का बघ. ताईने चष्मा लावला, तिची कॉलर मागे ओढली आणि बराच वेळ काही बोलली नाही. ताई बोलत नाही म्हणजे काहीतरी झालंय, हे ती लहानपणापासून जाणून होती. निळा वळ होताच, ताईने मग सांगितलं. पण त्याच्या खाली, पाठीवर, तळहाताएवढा फोड होता, फुटून ओला झालेला, कपड्याला चिकटलेला. परवा पाठ अवघडली म्हणून ताईनेच गरम पाण्याची पिशवी दिली होती. ती पिशवी पाठीशी घेऊन ती वाचत पडली होती, आणि पाणी छान कोमट आहे असं तिला वाटलं होतं.

"कोमट?" ताई म्हणाली. "मी उकळतं पाणी भरलं होतं. टॉवेल गुंडाळून घे म्हणून सांगितलं होतं. तू काय लाकडाची आहेस का गं?"

ताईने हे रागाने म्हटलं नव्हतं. तिने कापूस आणला. औषध लावताना ताई स्वतःच स्स करत होती, स्वतःच फुंकर घालत होती, आणि ती पाठमोरी बसून त्या फुंकरीचा गारवा शोधत होती. वारा कळत होता. गारवा कळत नव्हता. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन, ताईला न सांगता, चमचा गॅसवर धरला आणि आधी पोटरीला टेकवला, मग दंडाला. पोटरीने झटका दिला. दंडावर कुणीतरी बोट ठेवल्यासारखं झालं, बस्स. ती तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत ताई दूरध्वनीवर कुठल्यातरी डॉक्टरची वेळ ठरवत होती, नाव सांगत होती, वय सांगत होती, आणि तिला वाटलं, ताई भलत्याच कुणाबद्दल बोलतेय. जिच्याबद्दल बोलतेय ती बाई घरात नाहीच.

मज्जातंतूंचा डॉक्टर वयाने तिच्याहून लहान होता. त्याने तिला डोळे मिटायला सांगितले. एका हातात कापूस, एका हातात टाचणी घेतली आहे, काय लागतंय ते सांगा, म्हणाला. पायांवर तिने सगळं बरोबर सांगितलं. कापूस, टाचणी, टाचणी, कापूस. मग तो वर सरकला आणि ती सांगत गेली, कापूस, कापूस, कापूस. खोली शांत होती. शेजारी बसलेल्या ताईच्या तोंडून मध्येच एक बारीक आवाज निघाला, तेव्हा तिने विचारलं, "टोचताय का तुम्ही?" डॉक्टर म्हणाला, "डोळे उघडा." तिच्या दोन्ही दंडांवर, मनगटापर्यंत, बारीक लाल ठिपके होते. एका ठिपक्यातून रक्ताचा थेंब वर येत होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या अंगाकडे बघावं तशी बघत होती.

मग मोठ्या यंत्रात निजवून काढलेल्या फोटोत ते दिसलं. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आत, एक पोकळी होती आणि ती पाण्याने भरली होती. ती सावकाश वाढत होती. डॉक्टरने पेन्सिलने दाखवलं, शाल पांघरल्यावर जेवढं अंग झाकलं जातं, तेवढ्या भागातून दुखण्याची आणि भाजण्याची खबर वर पोचत नाही. स्पर्श पोचतो, त्याची वाट वेगळी असते, म्हणून तर माणसाला पत्ता लागत नाही. ताईने विचारलं हे कधीपासून. त्याने सांगितलं, ठरवता येत नाही. अशा गोष्टी दबक्या पावलांनी येतात. काही वर्षं तरी नक्की, कदाचित लहानपणापासून. शस्त्रक्रिया करून पोकळी वाढायची थांबवता येईल. गेलेलं परत येईल असं मात्र तो म्हणणार नाही. ताई रडू लागली. तिने ताईचा हात धरला. तो हात ऊन होता की गार, हे आपल्याला आता कधीच सांगता येणार नाही, एवढा एकच विचार तिच्या मनात आला. जे आपण सोसलं म्हणून आयुष्यभर मान ताठ ठेवली, ते सोसलंच नव्हतं की काय. ती सोशिक नव्हती. तिच्यापर्यंत नुसती खबर येत नव्हती.

दवाखान्याच्या जिन्यात, मधल्या वळणावर, तिला ते आकडे आठवले. प्रयोगशाळेशेजारची ती कोंदट खोली, जिथे आधी जुन्या खुर्च्या ठेवत. त्यातलीच एक खुर्ची, तिच्यामागे गादीचं टोक लावलेला दांडा. बसणाऱ्याच्या हातात एक बटण. दांडा सावकाश अंगात रुतत जायचा, नुसता दाब वाटतोय तोवर बटण धरून ठेवायचं, दुखायला लागलं की सोडायचं. रोबोने कुठे थांबायचं हे त्या बटणावर ठरायचं. हाताच्या पंजासाठी, पायासाठी पुष्कळ लोक आले. पाठ, खांदे, दंड यांसाठी पातळ कपड्यात बसावं लागे, तिथे लोक टाळाटाळ करू लागले, मग ती स्वतः बसली. पुन्हा पुन्हा बसली. तिची मापं एकसारखी यायची, सरळ रेघेत. बाकीच्यांची इकडेतिकडे विखुरलेली. कुणी हसून सोडायचं, कुणी घाबरून. कार्यालयातल्या एका किडकिडीत मुलीने तर दांडा नीट टेकायच्या आतच बटण सोडलं होतं. का सोडलंस विचारलं, तर म्हणाली, लागेल असं वाटलं. सर आणि ती दोघंही त्यावर हसले होते. सर म्हणजे विभागाचे प्रमुख, ती शिकत होती तेव्हापासूनचे तिचे गुरू. ते म्हणाले होते, असली कच्च्या मनाची माणसं धरली तर हात जागचा हलायचा नाही, तुझी मापं म्हणजे सोनं. तिने विखुरलेली सगळी मापं काढून टाकली. उरली ती तिची. जावईबापूंचे खांदे, पाठ आणि दंड म्हणजे ती होती, आणि त्या आकड्यांवर किती शहरांत किती हात चालले होते याचा तिला अंदाजही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी बायका अंगावर कामाचे झगे चढवत होत्या. तिला आत आलेली बघून त्या गोंधळल्या, कारण मॅडम इकडे कधी येत नसत. तिने विचारायची गरजच पडली नाही. मावशींचा झगा अजून खांद्यावर यायचा होता, आणि त्यांच्या दंडावर जुने पिवळे, नवे निळे, एकमेकांवर चढलेले डाग होते. ती बघतेय हे कळल्यावर मावशींनी बाही ओढून घेतली. तिने बाकीच्या बायकांकडे बघितलं. दुसरीलाही होते, तिसरीलाही होते, सगळ्यांना एकाच उंचीवर, मोटार फिरवताना रोबोचं कोपर जिथे यायचं तिथे. तिने विचारलं, कुणाला सांगितलं का नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकेकीने, कुणी आरसा बघत, कुणी केस बांधत, सांगितलं. सुरुवातीला सांगितलं होतं. सुपरवायझरने समजावलं की हे यंत्र तपासून घेतलंय, याने लागत नाही, शास्त्राने सिद्ध झालंय. तुम्हाला लागत असेल तर तुम्ही नाजूक आहात, नाजूक बायकांना दुसरं काम बघावं लागेल. मग हळूहळू लागेनासं झालं.

"आणि त्या दिवशी तर आम्ही डोळ्यांनी बघितलं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या हाडात घुसला होता तो. तुम्ही म्हणालात, लागलं नाही. मग म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय."

ती खोलीबाहेर आली. तिच्या अंगात एक पोकळी होती आणि ती पोकळी तिच्या अंगातून निघून या बायकांच्या अंगात शिरली होती, एकेकीच्या दंडातून आत. कुणालाही काही कळलं नव्हतं, कारण ते कळायचंच नाही अशी ती गोष्ट होती.

सरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डॉक्टरचं नाव विचारलं, ताईची चौकशी केली, शस्त्रक्रियेसाठी त्यांच्या ओळखीचा कुणी मोठा सर्जन आहे असं सांगितलं. तिच्या तब्येतीबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, त्यांचे डोळे भरले होते. त्यामुळे पुढचं ऐकताना तिला ते लगेच समजलं नाही. ते म्हणत होते, एका माणसाच्या आजारावरून पूर्ण मॉडेल चुकीचं म्हणणं हे शास्त्र नव्हे. कुणाचं हाड मोडलंय का? कुणी तक्रार केलीये का? निळे डाग तर घरकामातही पडतात. तरी तुझं समाधान व्हावं म्हणून पुन्हा मापं घेऊ. या वेळी काम करणाऱ्या बायकांचीच घेऊ, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. तिला वाटलं, सुटले. तिने त्यांना नमस्कारसुद्धा केला.

पुन्हा ती कोंदट खोली उघडली. बायका एकेक करून येऊन बसल्या, आणि दाराशी सुपरवायझर उभा राहिला, कुणाला काही लागलं सवरलं तर असावं म्हणून. तिने प्रत्येकीला नीट समजावलं, दुखायला लागलं की लगेच सोडायचं, यात शूरपणा नाही. बायका मान हलवायच्या. दांडा रुतत जायचा. आकडा वर चढायचा. कुणी सोडायचं नाही. एक बाई छताकडे बघत राहिली. एक ओठ हलवत काहीतरी पुटपुटत राहिली. मावशी आल्या, खुर्चीत पाठ ताठ करून बसल्या, दोन्ही हातांनी बटण धरलं. आकडा तिच्या स्वतःच्या आकड्याजवळ आला, त्याला शिवला, पुढे गेला. मावशींच्या कानामागून घाम गळ्यात उतरत होता, पायाची बोटं चपलेत आवळली गेली होती, आणि चेहरा मात्र कोरा, बिनडोळ्यांचा, स्क्रीनवरच्या आकृतीसारखा. ती म्हणाली, सोडा. मावशी म्हणाल्या, "चालेल मॅडम अजून." तिने स्वतःच दांडा मागे ओढला. गादीचं टोक मावशींच्या दंडातून सुटताना एक बारीक चिकट आवाज झाला. दारातला सुपरवायझर म्हणाला की बघा, आमच्या बायका किती दणकट आहेत. संध्याकाळी सरांनी नवी मापं बघितली. ती सरळ रेघेत होती. जुन्या आकड्यांपेक्षा थोडी वरच. सर खुशीत म्हणाले की म्हणजे तू उलट सावधच होतीस, आता निश्चिंत हो आणि दवाखान्यात दाखल हो.

ती निश्चिंत झाली नाही. सरांच्या खोलीतून बाहेर पडून आपल्या टेबलाशी जाताना तिला वाटत होतं की मागून कुणीतरी येऊन पुन्हा खांद्यावर हात ठेवणार आहे, आणि या वेळी तो माणसाचा असला तरी तिला कळणार नाही. ती खुर्चीत बसली. मॉडेलमधले आकडे बदलायचा अधिकार अजून तिच्याकडे होता. त्या किडकिडीत मुलीचं माप तिला शोधावं लागलं. काढून टाकलेलं असलं तरी ते कुठेतरी होतं, ती आपलं काही फेकून देणारी नव्हती. दांडा टेकायच्या आत सोडलेलं बटण, जवळजवळ शून्यच. तिने ते पाठीला दिलं, खांद्यांना दिलं, दंडांना दिलं. असं करताना तिला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. थोडी भीती वाटली, आणि ती भीती तिला जपून ठेवावीशी वाटली. ती पोटातून येत होती, पोटापर्यंतचं सगळं अजून शाबूत होतं.

सकाळी हॉल भलताच झाला होता. हात एखाद्या झोपलेल्या लेकराशेजारून जावं तसे चालत होते. बाईने कोपर हलवलं की थांबायचे, ती खोकली की मागे सरायचे. मोटारी पट्ट्यावर साठत गेल्या. बायका आधी वैतागल्या, मग हसल्या, मग रिकाम्या हातांनी नुसत्या उभ्या राहिल्या. दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा निरोप आला. सर रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "मी तुला आजारी समजतोय. तसंच समजू दे." तिचा अधिकार काढून घेतला गेला, आकडे पूर्ववत झाले, तिच्या नावे लांबलचक रजा मांडली गेली. टेबलावरच्या वस्तू एका खोक्यात भरून कुणीतरी फाटकापर्यंत आणून दिलं. तिथून मागे बघितलं तर उंच खिडक्यांच्या काचांतून हात पुन्हा जोरात फिरताना दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये बायकांची डोकी, नुसते गोळे.

दवाखान्यात दाखल झाल्यावर दिवस पांढऱ्या चादरीसारखे एकसारखे जाऊ लागले. तपासण्या चालल्या होत्या, शस्त्रक्रियेचा दिवस ठरत होता. पडल्या पडल्या ती अंगावरून मनाने हात फिरवायची. पाय आहेत, पोट आहे, कंबर आहे, आणि मग एक हद्द, तिच्यापुढे पाणी. ते पाणी तिला ऐकू येतंय असं वाटायचं. ताई शेजारी बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची, मध्येच थांबून विचारायची, ऐकतेयस का. ती हो म्हणायची. एका दुपारी ताईचा दूरध्वनी वाजला. ताईने कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि कुणी मावशी आहेत म्हणून तिच्या हातात दिला.

मावशींचा आवाज दबका होता. त्या म्हणाल्या की तुमची तब्येत कशी आहे, आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागल्या. तो एक दिवस हात हळू चालला ना, त्या दिवशी घरी गेल्यावर दंड ठणकायला लागला. दंडापासून मान, मानेपासून डोकं. वाटलं आपल्यालाच झालंय. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळ्यांची तीच तऱ्हा. एवढे दिवस काही नव्हतं, आणि एक दिवस सुट्टी मिळाल्यावर सगळं मागचं पुढचं बाहेर आलं. मग हात पुन्हा जोरात सुरू झाले, आणि आता कुणाला सोसेना. काल एकीने मोटार खाली टाकली. आज आम्ही कुणीच टेबलाशी उभ्या राहिलो नाही. पट्टा चालू आहे आणि आम्ही भिंतीला टेकून बसलोय. सर स्वतः खाली आलेत. दुसऱ्या हॉलमधून नव्या बायका आणायचं चाललंय, सुपरवायझर दोनदा बोलून दाखवून गेला.

ती उठून बसली. ताईने उशी मागे सरकवली.

"साहेब विचारतायत," मावशी म्हणाल्या, "नेमकं कितीवर लागतं ते सांगा. एकच आकडा सांगा, सगळ्यांचा मिळून. नाहीतर उठा म्हणतायत. आम्हाला काय कळणार? तुम्ही सांगा, मॅडम. कितीवर लागतं?"

जगात हा प्रश्न कुणाला विचारू नये असं एकच माणूस असेल तर ती होती, आणि मावशींना ते ठाऊक नव्हतं, कारण तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. तिने आता सांगितलं. थोडक्यात, जसं आहे तसं. माझ्या खांद्यांना, हातांना दुखणं कळत नाही. तुमच्या यंत्रात जे आकडे आहेत ते माझे आहेत. तुमचं काही चुकत नव्हतं. पलीकडे मोटारींचा पट्टा फिरताना ऐकू येत होता, आणि सरांचा आवाज, शब्द कळत नव्हते, शांत, समजूत घालणारा.

"मग आता कुणाचा सांगू?" मावशींनी विचारलं.

"जिला सगळ्यात आधी लागतं तिचा," ती म्हणाली. "तिला पुढे येऊ दे. तिच्या आकड्याला सगळ्यांनी हो म्हणा."

मावशींनी ते तिकडे मोठ्याने सांगितलं. तिला ते बायकांपर्यंत पोचताना ऐकू आलं, कुजबुज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली आणि विझली. तिला त्या भिंतीला टेकून बसलेल्या दिसत होत्या, एकमेकींच्या चेहऱ्यांकडे बघताना, प्रत्येकीचा हात आपल्याच दंडावर. नाजूक कोण, हे सांगायचं होतं. सरांसमोर, सुपरवायझरसमोर, बदली बायका दाराशी येऊन ठेपलेल्या असताना. कुणी बोलेना. ताई खुणेने विचारत होती, काय झालं, काय झालं. तिने दूरध्वनी कानाशी इतका घट्ट धरला की कानाची पाळी दुखली. तिथपर्यंत पाणी अजून पोचलं नव्हतं. पट्टा फिरत होता. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी चपला फरशीवर घासल्या.

"मला," लांबून एक आवाज आला. बाईचा होता, कोवळा की म्हातारा ते सांगता येत नव्हतं, मावशींचा नक्की नव्हता. "मला लागतं."

आणि लगेच तिकडून कुणीतरी दूरध्वनी बंद केला.